बाबांच्या वाडग्यातलं पिल्लू

मोसेत्लेंग, शेळ्यांचा तळ
२१ ऑक्टोबर

दादा,

तू बरा असशीलच. नसतास तर वहिनीने निरोप धाडला असता. इथे पाण्याच्या टाकीवर चढलं की फोनला जेमतेम रेंज येते. मी दोनदा चढले, तू उचलला नाहीस. रोज उठून माकडासारखं टाकीवर चढायचं माझं वय नाही, म्हणून हे पत्र. जनावरांच्या दवाखान्यातले मोथिबी लसी टोचायला आलेत, ते परत मोलेपोलोलेला जाताना तुझ्या घरी देतील.

तू पाठवलेलं कुत्र्याचं पिल्लू पोचलं. वर तुझा निरोपही पोचला: हात लावायचा नाही, नाव ठेवायचं नाही, खोपीत आणायचं नाही, शेळ्यांत निजलं, शेळीचं दूध प्यायलं, स्वतःला शेळीच समजायला लागलं, तरच उद्या शेळ्या घेऊन एकटं रानात जाईल. अरे, हे तू मला शिकवतोस? बाबांनी असे किती कुत्रे तयार केले ते मी इथे राहून पाहिलंय. तू तेव्हा गावात शाळेच्या बाकावर बसून पाढे म्हणत होतास.

आपलं काय ठरलंय ते एकदा लिहून टाकते, नाहीतर मागाहून म्हणशील, मी कधी म्हणालो? बाबांना माती दिली त्या दिवशी केबोनेकाकांसमोर तू म्हणालास, "केलेबोन्ये, शेळ्या कुणीतरी बघायलाच हव्यात. मला नोकरी आहे. तुला ना नवरा ना घर. तुझी वामे माझ्याकडे राहून शाळा शिकेल. एक चांगला कुत्रा तयार झाला की तू मोकळी, लेकीकडे ये." पाणी काढायला आणि शेळ्यांच्या वाडग्याचं दार लावायला शेजारच्या तळावरची सेबिनाची आई तयार आहे, आजही आहे. शेळ्यांमागे रान तुडवणं तेवढं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणजे सगळं अडलंय ते कुत्र्यावर. पहिला बिबट्याने नेला. दुसरा वाळत वाळत गेला. आता हे तिसरं.

आणि या तिसऱ्याचं पोट ढोलासारखं टम्म आहे, बरगड्या मात्र मोजून घ्याव्यात. काल त्याने ओकारी काढली, त्यात पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत वळवळत होते. शेळ्यासुद्धा दूर सरकल्या. मोथिबींकडे आज शेळ्यांचं औषध आहे, कुत्र्याचं नाही. तू तिथल्या दुकानातून जंताच्या गोळ्या घेऊन लगेच धाड. लगेच म्हणजे लगेच, तुझ्या ऑफिसातल्यासारखं नाही.

वामेला सांग, आईने विचारलंय, दाढ दुखायची थांबली का. तिने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या तर बरं वाटेल.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
१४ नोव्हेंबर

दादा,

गोळ्या मिळाल्या. वामेच्या दोन ओळी मिळाल्या नाहीत.

गोळी दुधात कुस्करून दिली. दुसऱ्या दिवशी पिल्लाने मूठभर जंत टाकले. सेबिनाची आई टाळ्या वाजवायला लागली, जसं काही नातवंडच झालं. दोन-चार दिवस पिल्लू शेळ्यांच्या कानांना लोंबकळत होतं, करडांशी टकरा घेत होतं. मी कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. हसू यायचं, पण हसलेसुद्धा तोंड फिरवून. नियम म्हणजे नियम.

मग येरे माझ्या मागल्या. पुन्हा पोट फुगलं. या वेळी शी काळी, डांबरासारखी, आणि वास असा की आंबील घशाखाली उतरेना. दुसरी गोळी दिली. थोडं बरं. पुन्हा तेच.

तू लिहितोस, "बाबांच्या वेळी कुत्र्यांना कोण गोळ्या देत होतं? जगायचं ते जगतं." छान. तिथे पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. हे जगलं नाही तर तू चौथं पिल्लू शोधशील, मग ते मोठं व्हायची वाट बघ, तोवर वामेचं लग्न ठरेल. मला आमंत्रणही टाकीवर चढून घ्यावं लागेल.

सेबिनाची आई म्हणाली, कडू मुळी उकळून पाजू. मी म्हटलं पाज. पिल्लाने ते ओकलं आणि दिवसभर उठलं नाही. ती बिचारी तोंड लपवत तिच्या तळावर गेली. तिच्यावर मी ओरडले, ते चुकलंच. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन मीच गेले, तर म्हणते, "ओरड गं, इथे ओरडायला दुसरं आहे कोण?"

नाताळची सुट्टी लागली की वामेला पाठव. मोथिबी येताना घेऊन येतील, मी त्यांना विचारलंय.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
१९ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "सारखी भेट झाली की पोरीचं मन शाळेत लागत नाही. ती आता कुठे रुळली आहे. तुझ्याकडे आली की परत जाताना रडते, मग आठवडाभर जेवत नाही. तिच्या भल्यासाठीच सांगतो, या सुट्टीत नको."

रडते ना? मग रडू दे की! आईसाठी रडणं हा काय आजार आहे?

राहू दे. पिल्लाचं विचारलंयस, तर सांगते. पावसाळा लागल्यापासून वाडग्यात चिखल आहे, वर वर्षानुवर्षांच्या लेंड्यांचा थर, खाली ओल. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. बोटाने दाबलं तरी लाल होत नाहीत. होय, बोट लावलं, आता भांड माझ्याशी. उभं राहिलं की मागचे पाय थरथरतात. शेळ्या बाहेर पडल्या की हे दारापर्यंत जातं आणि बसतं.

खोपीत आणलेलं नाही. ते काही मी करणार नाही, तू निश्चिंत राहा.

इथे सगळं ठीक आहे. माझ्या पायाला जरा खाज येते, गवताची असेल.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
७ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. पिल्लू तेव्हा माझ्या खोपीतच होतं. मी लिहीत होते आणि ते माझ्या शालीत गुंडाळलेलं, मांडीला टेकून निजलं होतं. दारात मरताना बघवेना. तुला बघवलं असतं कदाचित.

आणि ऐक, खोपीत ते सुधारलं. कोरडी सारवलेली जमीन, उकडलेलं काळीज चारलं, गोळी दिली, आणि हिरड्यांवर रंग चढला. मी पाणी आणायला निघाले की मागे, जळणाला निघाले की मागे. मी त्याला नाव ठेवलं नाही, पण सेबिनाची आई येऊन त्याला मोदिसा म्हणायला लागली, म्हणजे गुराखी, आणि ते कान टवकारायला लागलं. तिला म्हटलं, अगं बाई, काय केलंस हे! ती म्हणते, "इतकं गोजिरवाणं लेकरू, बिननावाचं ठेवतेस?"

शेळ्या सोडल्या तेव्हा हा गुराखी माझ्या पायात. शेळ्या रानात, हा माझ्या पायात. ढकललं तर पुन्हा येऊन पायावर बसायचा. तेव्हा उमगलं. कुत्रा जगतोय, पण माझा होऊन जगतोय. माझा होऊन काय कामाचा? मी इथून जायची कशी?

म्हणून त्याला परत वाडग्यात टाकला. दार बांधलं. रडला, ओरडला, पंजांनी माती उकरली. मी खोपीत कानांवर हात ठेवून बसले. हळूहळू शेळ्यांना पाठ लावून निजायला लागला. म्हटलं, जमलं. आणि आठवड्याभरात पुन्हा काळी शी, पुन्हा पांढऱ्या हिरड्या. आत ठेवावा तर शेळ्यांना मुकतो, बाहेर ठेवावा तर जिवाला मुकतो. इकडे आड, तिकडे विहीर. मला काही सुचत नाही, दादा. चिडून नाही लिहीत, खरंच सुचत नाही. तू काय ते सांग.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
२३ जानेवारी

दादा,

तू काही सांगितलं नाहीस. मोथिबी आले होते, त्यांनी सांगितलं.

त्यांनाही आधी कळत नव्हतं. पिल्लाला उलटंपालटं केलं, म्हणाले, गोळ्या बरोबर आहेत, वेळा बरोबर आहेत, मग जंत येतात कुठून? मी उकिडवी बसून पाय खाजवत होते. म्हणाले, "बघू तो पाय." पोटरीच्या खाली, घोट्याजवळ एक लाल रेघ आहे, वळणावळणाची, कातडीखालून गांडूळ फिरल्यासारखी. मागच्या आठवड्यात ती इथे होती, आता तिथे आहे. खाज अशी की झोप नाही. तुला लिहिलं होतं ना गवताची खाज, ती ही.

मोथिबी पाय बघून हसायलाच लागले. मी म्हटलं, माझा पाय सडतोय आणि तुम्हाला हसू येतंय? म्हणाले, "बाई, सापडला चोर! ही त्याच जंतांची पिल्लं. जमिनीतून पायात शिरतात. माणसाच्या कातडीत शिरून वाट चुकतात, आणि कुत्र्यात शिरली की नेमकी आतड्यात पोचतात, रक्त पितात. तुम्ही वाडग्यात अनवाणी जाता ना?" वाडग्यात कोण चपला घालून जातं?

तर गोष्ट अशी. त्या जमिनीत आजवर जेवढे कुत्रे राहिले, हगले, मेले, त्या सगळ्यांचे जंत मुरलेत. दुसरा कुत्रा वाळत गेला तो यानेच. पाऊस पडला, ओल झाली, की ते वर येतात. गोळी पोटातले मारते. पिल्लू बाहेर शी करतं, त्यातून जमिनीत आणखी, आणि तेच पुन्हा पंजातून आत. मी आपली गोळ्यांवर गोळ्या चारतेय. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

उपाय सोपा आहे म्हणाले. वाडगं हलवा. वर मुरमाच्या उंचवट्यावर, दिवसभर ऊन पडतं तिथे. ओल नाही, जंत नाही. पिल्लाची शी रोज उचलून जाळा, पाऊस संपेपर्यंत गोळी चालू ठेवा. आजूबाजूचे सगळे तळ दोन-चार वर्षांनी वाडगं हलवतातच. "तुमचंच एक मी आल्यापासून जागचं हललेलं नाही. का बरं?"

का ते तुला माहीत आहे. बाबा तिथे निजलेत. त्यांनीच सांगितलं होतं, मला जनावरांच्या खुरांखाली पुरा, घरधनी वाडग्यातच जातो. रोज संध्याकाळी शेळ्या त्यांच्यावरून चालत येतात, तिथे रवंथ करतात. मी कितीदा तिथे उभी राहून त्यांच्याशी बोलते. मलाही ते हलवणं सोपं वाटत नाही.

पण दादा, बाबांना उचलायचं नाहीये. ते तिथेच राहतील. शेळ्या तेवढ्या वर न्यायच्या, हाकेच्या अंतरावर. त्यांच्या जागेभोवती मी काट्यांचं कुंपण करीन, दगड रचीन. तू आणि काका हो म्हणा. मी बाई, मी आपल्या मनाने वाडगं हलवलं तर सगळं गाव तोंड घालेल. म्हणून विचारते. विनवते म्हण हवं तर.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं "नाही" मिळालं. "बापाला ओसाड जागी टाकून शेळ्या वर नेणार? त्यांना वाटेल पोरांनी पाठ फिरवली. एका कुत्र्याच्या जंतांसाठी? मी आणि काका येऊन बघू, तोवर हात लावू नकोस." कधी येणार ते लिहिलं नाहीस. काकांना विचारलंस तरी का, तेही नाही.

बरं. तू मोठा. वाट बघते.

अक्षर वेडंवाकडं आलंय, माफ कर. हात काट्यांनी फाटलेत. जळण तोडत होते.

सेबिनाची आईही जळण तोडायला आली होती. पिल्लू बरं आहे.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
३ मार्च

दादा,

एवढं जळण कुणाला लागतं, हा प्रश्नही तुला पडला नाही. पत्र वाचतोस तरी का?

वाडगं हलवलं. सांगून टाकते, दुसऱ्याकडून कळण्याआधी. मी बाभळीच्या फांद्या तोडल्या, सेबिनाच्या आईने ओढल्या. गुडघे गुडघे करणारी बाई, पण फांद्या ओढताना मला हरवत होती. वर तोंड चालूच: "तुझ्या दादाने ऑफिसची खुर्ची तरी कधी हलवली का गं?" दोघी इतक्या हसलो की हातांत काटे मोडून घेतले.

शेळ्या आधी जाईनात. म्हातारी शिंगमोडकी शेळी संध्याकाळी सरळ जुन्या जागी जाऊन बाबांवर बसायची, बाकीच्या तिच्यामागे. रोज हाकून वर न्यावं लागायचं. आता वळल्या.

नेण्याच्या आदल्या दिवशी मी बाबांपाशी बसले. म्हटलं, तुम्ही रागावला असाल तर माझ्यावर रागवा, पिल्लावर नको, वामेवर नको. मला तुमच्या पायाशी आयुष्य काढायला सांगू नका. मला माझी पोरगी हवीय. ते काही बोलले नाहीत. जिवंतपणी तरी कुठे बोलायचे? दगड रचले, कुंपण केलं. नीट केलंय, येऊन बघ.

आणि मोदिसा, हो, आता मीही तेच म्हणते, पण मनात, मोठ्याने नाही, तो मुरमावर शेळ्यांत निजतो. हिरड्या गुलाबी आहेत. शी घट्ट आहे. भावाला कुत्र्याच्या शीची खुशाली कळवायची वेळ आलीय, पण काय करू, सध्या माझ्या आयुष्यात एवढीच एक चांगली बातमी आहे.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
२९ मे

दादा,

तीन महिने होत आले, तू गप्प, मीही गप्प. आता बोलायलाच हवं.

कुत्रा तयार झाला.

आधी मी मागोमाग जायची, मग टेकडीपर्यंत, मग दारापर्यंत. परवापासून दारही सेबिनाची आईच उघडते. तो शेळ्यांच्या मधोमध चालतो, डोकं खाली, म्हाताऱ्या मुकादमासारखा. कोल्ह्यांची जोडी करडांवर टपली होती, तिला त्याने ओढ्यापार पिटाळली, आणि पाठलाग करत बसला नाही, लगेच शेळ्यांत परत. बाबांनी पाहिलं असतं तर चिलीम खाली ठेवली असती.

एका संध्याकाळी शेळ्या आल्या आणि तो आला नाही. बिबट्या, दुसरं काय! काठी घेऊन धावत सुटले. पलीकडच्या झुडपांत एक शेळी व्यायला बसली होती, आणि हा तिच्याजवळ, पाठ तिच्याकडे, तोंड रानाकडे. मला बघून शेपटी एकदा हलली. उठला नाही. माझ्याकडे आला नाही. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. करडू झोळीत घातलं, शेळी मागे, कुत्रा तिच्यामागे. वाटभर मी रडत होते आणि तो ढुंकून बघत नव्हता. असाच हवा होता ना आपल्याला? झाला.

आता तुझा शब्द. जूनमध्ये शाळेचं अर्धं वर्ष संपेल तेव्हा मी येते. तुझ्या अंगणातली मागची खोली रिकामी आहे, मला ठाऊक आहे. बेकरीत काम मिळतं म्हणून वहिनीनेच मागे कळवलं होतं. वामेला सांग, आई येतेय.

केलेबोन्ये

*

मोसेत्लेंग
१६ जुलै

दादा,

तुझं उत्तर वाचलं. शेळ्या विताहेत तोवर थांब. जुलैची थंडी सरू दे. वामेची परीक्षा आहे, तिचं लक्ष उडेल. कुत्रा अजून कोवळा आहे. आणि सगळ्यात शेवटी, पत्राच्या टोकाला: "आधी वाडगं होतं तिथे परत आण, मग तुझ्या येण्याचं बघू."

आता मला कळलं. कुत्र्याचं कधी नव्हतंच. कुत्रा मेला असता तर कुत्रा नाही म्हणून, जगला तर वाडगं हललं म्हणून. उद्या वाडगं परत नेलं तर कुत्रा पुन्हा सुकेल आणि मग पुन्हा कुत्रा नाही म्हणून. तू मला इथे कोंडलंयस, आणि कडी माझ्याच हातात देऊन म्हणतोस, उघड की!

मी वाडगं हलवणार नाही. काकांना आण, पंचांना आण, कुणालाही आण.

केलेबोन्ये

*

मोलेपोलोले, तुझं घर
१८ ऑगस्ट

दादा,

हे पत्र मोथिबी परवा तळावर आणून देतील. खोपीच्या वळचणीला फडक्यात मीठ आहे. पाणी सकाळीच काढ, मग पंप तापतो. सेबिनाची आई तिच्या बहिणीच्या मयतावरून पुढच्या आठवड्यात येईल, तोवर सगळं तुलाच बघायचंय.

रागाने काय काय बोललास ते तू विसरशील, म्हणून लिहून ठेवते. तुम्ही दोघं तळावर आलात तेव्हा काका गाडीतून उतरून आधी बाबांच्या दगडांपाशी गेले, टोपी काढून उभे राहिले. तू तिथूनच सुरुवात केलीस, मी बापाला वाळीत टाकलं, मी घर बुडवलं, मी कुत्र्यापायी. काका परत आले आणि म्हणाले, "पोरी, मला विचारायला हवं होतंस. चुकलीस. तुझ्या हाताने एक शेळी कापून माझ्या भावाची, तुझ्या बापाची क्षमा मागू आपण." मी म्हटलं, मागते. मग तुझ्याकडे वळले, "आणि मोगोमोत्सी, तू हिला माझ्यासमोर शब्द दिला होतास. कुत्रा तो काय, मी येताना रानात बघितला. एकटा होता." तू लालबुंद झालास आणि ओरडलास, "जायचं तर जा! आत्ता जा! शेळ्या मी बघतो!"

काकांसमोर बोललास, दादा. मी खोपीत जाऊन पिशवी घेतली. तुला वाटलं, रुसून बसायला गेली. काकांनी गाडी सुरू केली तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं होतं, पण मी बघितलं नाही. मोदिसा रानात होता. त्याला भेटले नाही. तसंच बरं.

त्याला महिनाअखेरीला गोळी द्यायची आहे, दुधात कुस्करून. शी रोज उचल आणि जाळ. मुरमावरही ओल धरली तर जागा बदल, काकांची आता ना नाही. चपला घालून जा.

आता इथलं ऐक.

वामे अंगणात शाळेचे मोजे धूत होती. केवढी उंच झालीय! मला बघून उठली, हात पुसले. मी पिशवी टाकून हात पसरले होते. तिने खुर्ची आणली, फडक्याने पुसली, सावलीत ठेवली. मग पाणी आणलं. दोन्ही हातांनी धरून, गुडघा वाकवून, नजर खाली. पाहुण्याला देतात तसं. म्हणाली, "प्रवास बरा झाला का?"

वहिनी म्हणाली, "अगं, आई आहे तुझी!" ती म्हणाली, "हो मामी, माहीत आहे." आणि मोजे धुवायला गेली.

मी रडले नाही. पाणी प्यायले. ती काही चुकीचं वागली नाही, गुणाची पोर आहे, वहिनीने चांगलं वळण लावलंय, मी वहिनीला तसं म्हटलं. पण दादा, तू कुत्रा तयार करायला मला शिकवत होतास. हात लावू नकोस, जवळ घेऊ नकोस, रडला तरी जाऊ नकोस, हळूहळू रुळतो. तू तिकडे माझ्याकडून कुत्रा तयार करून घेतलास आणि इकडे माझी पोरगी तयार केलीस. दोन्ही अगदी नीट झाली. हे मी तुला कधी माफ करीन का, मला माहीत नाही. आज तरी नाही.

तू परत ये किंवा नको येऊस. मागच्या खोलीत मी सतरंजी टाकलीय. बेकरीत सोमवारपासून जाते.

संध्याकाळी वामे पायरीवर केस सोडून बसली होती. मी विचारलं, वेण्या घालून देऊ? ती म्हणाली, "नको, मामीच घालते." उद्या पुन्हा विचारीन.

केलेबोन्ये